आवाज धुळ्याला पोचेना

नाना राउटरशी अहोजाहो करीत. "घ्या आता एवढी ओळ," म्हणत आज्ञा टाईप करायची आणि त्याने ती नाकारली की विचारायचं, "काय चुकलं आमचं?" जळगावच्या त्या तंत्रनिकेतनात मी गणित शिकवायचो, ते संगणक. मी हसलो की म्हणत, "हसा. माझं पोट यांच्या हातात आहे."

ते खोटं नव्हतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. संस्थेने जळगाव-धुळे भाड्याची लाइन घेतली होती आणि इथलं व्याख्यान धुळ्याच्या शाखेतल्या सगळ्या वर्गांत एकाच वेळी ऐकू यावं, असं चेअरमनसाहेबांच्या मनात होतं. जमलं तर नेमणूक कायम, नाही तर जूनपासून दुसरीकडे बघा, असं त्यांनी नानांना तोंडावर सांगितलं होतं. चाळिशी उलटलेल्या, पदरी दोन मुली असलेल्या माणसाने बघायचं तरी कुठे?

लाइन अरुंद. प्रत्येक संगणकाला वेगळा आवाज पाठवला तर ती तुंबणार. म्हणून मल्टिकास्ट. नाना ते भरिताच्या पंगतीवरून समजावत. "पातेलं इथून एकच निघणार. वाढायचं धुळ्याला गेल्यावर, आणि ज्यानं पान मांडलं त्यालाच. पान नसेल त्या ओळीत वाढपी फिरकत नाही." पान मांडायचं म्हणजे तिकडच्या संगणकावर ऐकण्याची खिडकी उघडायची; मग मागणी राउटरकडे जाते. उन्हाळाभर कूलरमध्ये पाणी ओतत नाना यात गढलेले होते. चाचणीला स्वतः धुळ्याला जाऊन खिडक्या उघडून आले. आवाज खणखणीत आला.

उद्घाटनाला मात्र काहीच पोचेना. चेअरमनसाहेब माईकवर बोलत होते, मी नानांशेजारी फोन धरून बसलो होतो. फोनवर धुळ्याची प्रयोगशाळा सांभाळणारे देवाभाऊ.

"सर, आठे बठ्ठं तयार शे. पाहुणा बठेल शेतस. पन आवाज काही उना नही."

तिकडे सगळं तयार होतं, पाहुणेही बसले होते, पण आवाज आला नव्हता. नानांच्या पडद्यावर धुळ्याकडून एकही मागणी दिसत नव्हती. ती वाटेत अडतेय असं धरून ते घातलेल्या ओळी खोडू लागले, नव्या घालू लागले, त्याही खोडू लागले. "अहो, ऐका ना माझं," ते राउटरला म्हणाले. मला ते बघवेना. चेअरमनसाहेब भाषण गुंडाळून उठून गेले.

कारण नंतर कळलं. ऐकण्याची खिडकी पाहुण्यांच्या हस्ते उघडायची होती! हार घातलेल्या संगणकासमोर पाहुणे आवाजाची वाट बघत बसले होते. आवाज आला की ते बटण दाबणार. त्यांच्याआधी हात लावणं बरं दिसत नाही म्हणून बाकीच्या वर्गांतही सगळं बंद. शेवटी कंटाळून पाहुण्यांनी बटण दाबलं, तोवर नानांनी स्वतःच धडधाकट रस्ता मोडून ठेवला होता.

नानांनी हे चेअरमनसाहेबांना सांगितलं. "मग ते कोणी बघायचं?" एवढंच ते म्हणाले. नानांची नेमणूक कायम झाली नाही. त्या माणसाचा मला अजून राग येतो.

शेवटच्या दिवशी नानांनी जुन्या ओळी परत घातल्या, देवाभाऊंना खिडक्या उघडायला लावल्या आणि माईकशी बसले. "नमस्कार. जळगावहून बोलतोय."

फोनवर देवाभाऊ म्हणाले, "उना, सर. बठ्ठा खोल्यासमा तुमना आवाज उना." तिकडे सुट्टी लागली होती, वर्गांत कोणी नव्हतं. नाना टेबलावर डोकं ठेवून रडले.

पुढे ते शिंदखेड्याला भाच्याच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात बसू लागले. त्या लाइनवरून मात्र कित्येक वर्षं व्याख्यानं जात राहिली. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला नानांनी घातलेल्या आज्ञांतली एक ओळही बदलावी लागली नाही.