आत्याची एकुलती तबकडी

तबकडीचं पाकीट उघडलं की एरंडेलाचा वास येतो. आज दसरा, दीक्षेचा दिवस. लेपातलं तेल सुटून तबकडीवर पुन्हा पांढरी भुकटी आली होती. मी ती मलमलीनं पुसत असताना मुलगी म्हणाली, "आई, गाणं मोबाइलवर घेतलं न मी. आता हिले काहून झिजवतं?"

अशाच एका दसऱ्याला आत्याही बाबांना हेच म्हणाली होती. स्टुडिओनं तिच्या भीमगीताची चाचणीपुरती मऊ लेपाची ही एकच तबकडी कोरली आणि नंतर गाणं काढायला नकार दिला. बाबा ती वर्षातून एकदाच लावत. हात धुऊन, नवी सुई बसवून, खिडकी सताड उघडी ठेवून.

"दादा, सुई ओरखडून राहिली गा. ठेवून दे."

"कपाटासाठी गायली होती का वं तू?" म्हणत बाबांनी आवाज वाढवला. गल्लीतली माणसं थांबून ऐकू लागली. मला मात्र बाबांचा राग आला, कारण वाढलेली खरखर मला ऐकू येत होती.

आता ती खरखर आत्याच्या आवाजाला भिडली आहे. मी तबकडी यंत्रावर ठेवली आणि सुई उचलली.

"झिजू दे," मी मुलीला म्हटलं, "पण गाऊन झिजंल. तू खिडकी उघड."