मॅडमच्या विलायतेतल्या बायका

चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची इतकी काळजी करणारी दुसरी बाई अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडणार नाही. आमच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायचो आणि ह्या मॅडम इंग्रजी. त्यांचं संशोधन जुन्या इंग्लंडातल्या लिहित्या बायकांवर. पण बोलायच्या मात्र भावकीतली खबर द्यावी तशा. घरी भाजी करपली, तरी दोष त्यातल्याच कुणातरी बाईचा असे. एकदा मालेगावच्या बसमध्ये मला म्हणाल्या, "बिचारीनं एवढं लिहिलं अन् नवऱ्यानं सारं चुलीत घातलं हो!" पुढच्या सीटवरची म्हातारी गर्रकन वळली. "मंग पोलिसात नाही गेली काय ते?" मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "आजी, तवा तो गुन्हाच नव्हता." म्हातारीनं उतरेपर्यंत त्या नवऱ्याला शिव्या घातल्या. मॅडमच्या चेहऱ्यावर शोधनिबंध छापून आल्याचं समाधान!

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची आसेगावची एक हुशार मुलगी ऐन परीक्षेच्या तोंडावर यायची थांबली. लग्नाची बोलणी सुरू होती. मॅडम मला घेऊन तिच्या घरी धडकल्या. वडील ओसरीत तुरीची पोती शिवत होते.

"पोरीले काहून पाठवून नाही राह्यले?"

"मॅडम, मेलेल्या गोऱ्या बायकाईचं वाचून तिले काय भेटते?"

आता भाषण होणार म्हणून मी धास्तावलो. पण मॅडम पाणी प्यायल्या आणि सासू झोपली की लिहायला बसणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगू लागल्या. सासऱ्यानं तिची दौत फोडली, इथवर गोष्ट आली तेव्हा मुलीची आई पिठाच्या हातानं दारात उभी होती.

"मंग? सोडलं काय तिनं लिहिणं?"

मॅडम उठल्या. "मले एवढंच माहीत हाय. पुढचं तुमची पोरगी शोधून राह्यली."

आईनं नवऱ्याकडे पाहिलं. "सोयरीक थांबते. पोरीले पेपर देऊ द्या."

वडिलांनी दाभण पोत्यात खोचून ठेवलं. मग म्हणाले, "बरं. पेपर झाल्याबिगर बैठक नाही."

पेपर झाले, पुढं एम.ए. झालं, आणि बैठक राहूनच गेली. ती मुलगी आता मंगरूळपीरच्या कॉलेजात शिकवते. तिच्या पहिल्या तासाला मॅडम, नुकत्याच निवृत्त झालेल्या, मागच्या बाकावर जाऊन बसल्या. परतताना माझ्या मोटरसायकलवर, आयुष्यात पहिल्यांदाच, चकार शब्द बोलल्या नाहीत. घरापाशी उतरल्यावर पदर सावरत एवढंच म्हणाल्या,

"सर, आता मी म्हातारी झाली तरी चालते."