बिडावर पाणी

अभिमन नाना म्हणजे आमच्या ह्यांचे सख्खे चुलते. धुळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी उभा जन्म लेथवर स्टीलचे शाफ्ट कातले. एकच शाफ्ट, एकच माप. तेवढ्या जोरावर हा माणूस स्वतःला उस्ताद म्हणवून घेतो! वरणगावला एका लग्नाच्या पंगतीत ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या एकाला गाठून, तिथलं लेथवरचं टर्निंग कसं करायला पाहिजे ते सांगत बसले. तो बिचारा कँटीनमध्ये भाजी चिरणारा. तरी नानांनी त्याला सोडलं नाही.

रिटायर झाल्यावर धुळ्यात कोणी हिंग लावून विचारेना, म्हणून बॅग उचलून आमच्याकडे जळगावला आले. ह्यांना म्हणे, "रविंद्र, तुले धंदा शिकाडस मी." मेहरूणला घरामागे आमची पत्र्याची शेड, तिच्यात एकच लेथ मशीन. मी आयटीआय केलेली, त्यामुळे आम्ही दोघं आळीपाळीने चालवायचो. ते मशीन बसलं की आम्ही बसलो, इतका साधा हिशेब. पण नाना आल्यावर ह्यांनी हँडल त्यांच्या हातात दिलं आणि मी चहा करायला लागले.

फैजपूरच्या किरणभाऊंनी पंपाच्या बुशांचं, म्हणजे आत बसणाऱ्या पोकळ नळकांड्यांचं, काम दिलं होतं. माल बिडाचा, सरळ गोल बारच. बीड म्हणजे ज्याचे तवे होतात ते ओतीव लोखंड. स्टीलपेक्षा सोपं काम हो! स्टीलची बर, म्हणजे सोलून निघणारी तार, लांबलचक निघते, टूलला गुंडाळते, वरून सारखं दुधासारखं कुलंटचं पाणी सोडावं लागतं. बिडाची भुकटी पडते. कोरडंच चालवायचं, चांगला खोल कट घ्यायचा, भुकटी ब्रशने झाडायची, की बुश तयार. स्टीलचा एक होईपर्यंत बिडाचे दोन सहज निघतात. फक्त पाणी लावायचं नाही. भुकटी भिजली की तिचा खरखरीत चिखल होतो, आणि तो टूल ज्यांवरून सरकतं त्या मशीनच्या पट्ट्यांवर बसून त्यांना पॉलिश पेपरसारखा घासत राहतो.

नानांनी पहिल्याच बारवर नळ सोडला. स्पीड कमी, कट कागदाएवढा. एक बुश होता होता माझे कपडे धुवून वाळत घालून व्हायचे.

"नाना, बिडाला पाणी नको," मी म्हटलं.

"पोरी, लोखंड म्हंजे लोखंड शे. पानी बिगर टूल जळी जाई. तुले काय समजस?"

मी पुढे होऊन नळ बंद केला. त्यांनी माझ्याकडे न बघताच परत सोडला, जसं काही तिथे माशी बसली होती. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "संघमित्रा, जाऊ दे ना, मोठे आहेत." मोठे आहेत! वयाने मोठा झाला म्हणजे माणसाला बीड कळतं का? पण आमच्या ह्यांना घरातल्या म्हाताऱ्यासमोर कंठच फुटत नाही.

पावसाळाभर असं चाललं. करड्या चिखलाचे लपके मशीनवर वाळायचे. ते खरवडायचंही काम माझंच. आणि नाना खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं काम एकट्याचंच असल्यासारखं सांगायचे, "बठ्ठं काम मीच सांभायस." संध्याकाळी स्वतःचा माप घ्यायचा व्हर्नियर मखमली पिशवीत घालून असे ठेवायचे की बाई गं, सोन्याचे तोडेच!

मग किरणभाऊ बुशांची पाटी घेऊन परत आले. सगळे बुश एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. आवाज न चढवता पाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, काम दुसरीकडे दिलं." ह्यांनी मशीनच्या पट्टीवरून बोट फिरवलं. बार धरणाऱ्या चकजवळ नखाला लागेल एवढा खड्डा पडला होता; तिथे टूल खाली बसायचं, म्हणून बुश एकीकडे जाड. ह्यांचा चेहरा उतरला.

नाना म्हणाले, "बारच खराब व्हतात."

तेव्हा माझं डोकं फिरलं. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, तो खांद्यावर टाकला आणि म्हटलं, "बार चांगले होते नाना. मशीन तुम्ही मारलं. आमच्या तोंडातला घास होता तो. तुम्हाला बिडातलं ओ की ठो कळत नाही, आणि विचारायची लाज वाटते."

मला वाटलं, आता तरी मान खाली जाईल. आता तरी हे माझ्या बाजूने एक शब्द बोलतील.

नानांनी कपातला चहा बशीत ओतला, एक भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं.

"चहामा साखर कमी शे."

आणि आमचे हे उठून साखरेचा डबा आणायला घरात गेले.