तोंडाचं अस्तर

उस्मानपुऱ्यातल्या टपऱ्यांवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा नव्यानं लटकायला लागल्या होत्या, त्या वर्षांतली गोष्ट. आमचे हे विमा एजंट. 'माणसाच्या आयुष्याचा काय भरवसा' हे वाक्य दिवसभर लोकांना ऐकवायचं आणि मधेच एक पुडी तोंडात रिकामी करायची. भरवसा नव्हता तो बाकीच्यांच्या आयुष्याचा. यांना बहुतेक देवानं लेखी हमी दिली होती.

मग एकाएकी माझ्या भाजीत तिखट जास्त पडायला लागलं. हात तोच, मिरच्या पाचोडच्या बाजारातल्याच, तरी पहिल्या घासाला यांच्या डोळ्यांत पाणी. सासूबाईंनी निकाल दिला, "हिचं ध्यानच नाय सैपाकात. माहेरी धाडा, शिकून येईल." मी मिरच्या बदलल्या. तिखट अर्धं केलं, मग नावाला. शेवटी वरण इतकं मिळमिळीत झालं की बाळंतिणीनंसुद्धा नाक मुरडावं, तरी यांची 'आग आग' चालूच. सगळ्या घरानं माझ्या मिसळणाच्या डब्याची झडती घेतली. यांच्या शर्टाच्या खिशाकडं कुणी बघितलं नाही. कमावत्या माणसाचा खिसा तो, त्यावर शंका कोण घेणार?

पुढं एका लग्नात यांना लाडू चिमटीनं मोडून, दातांच्या फटीतून आत सारताना बघितलं. दुसऱ्याच दिवशी यांना दातांच्या दवाखान्यात नेलं. मुलाला कुणी काय केलं ते बघायला सासूबाईही आल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आ करा." ज्याचं तोंड दिवसभर मिटत नव्हतं, त्याच्या तोंडात बाईंची दोन बोटं जाईनात. गाल आतून पांढरट, दोरीसारखे ताठ. बाईंनी नीट समजावून सांगितलं. तोंडाला आतून पेशींचं अस्तर असतं, थरावर थर. वरच्या पेशी सारख्या गळतात, खालून नव्या येतात, म्हणून तर चहानं भाजलेलं तोंड चार दिवसांत बरं होतं. त्या अस्तराखाली एक मऊ थर असतो, तो ताणला जातो म्हणून तोंड उघडतं. सुपारीनं तो थर ताठ होतो आणि वरचं अस्तर पातळ पडतं. मग साधं मीठसुद्धा झोंबतं.

"तिखटाचा काही दोष नाही," बाई म्हणाल्या.

मी सासूबाईंकडं बघितलं. त्या भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचण्यात गढून गेल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

गालाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मला घास गोड लागला नाही. यांचा राग तर लई आला होता, पण रागापेक्षा भीती मोठी होती. रात्री हे घोरायचे थांबले की मी उठून बसायची.

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. "सध्या नाही," असं म्हणत बाईंनी 'सध्या'वर जोर दिला. आखडलेलं तोंड पहिल्यासारखं होणार नव्हतं, पण पुडी सोडली तर आहे तिथं थांबण्याची आशा होती. एवढ्या सगळ्यातलं यांना फक्त 'नाही' ऐकू आलं.

घरी जाताना स्कूटर थांबली ती टपरीपाशी. "एकच घेतो. सुटलो ना आता," म्हणाले आणि पुडी हातात घेतली.

मी खाली उतरले. "भाऊ, एक मलापण द्या."

"भाभी, आप?" टपरीवाला बघतच राहिला. मी त्याच्या हातातून पुडी घेतली, फाडली आणि सगळी तोंडात ओतली. यांना म्हटलं, "रिपोर्ट चांगला आलाय. दोघं मिळून खाऊ."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. भर रस्त्यात माझा दंड धरून हे ओरडायला लागले, "थुक आधी. थुक म्हणतो ना. मरायचंय का तुला?"

मी थुकले. गालाला आतून आग लागली होती.

"म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला," मी म्हटलं.

यांनी हातातली पुडी न फाडता टपरीवर परत ठेवली.