फुकटच्याले किती जागा

आमच्या विभागप्रमुखांना कॉम्प्युटरमधलं एकच काम मनापासून येत असे, ते म्हणजे त्याच्यावर कापड झाकणं. माणूस मूळचा भौतिकशास्त्राचा. कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स सुरू झालं, कोणाला तरी प्रमुख करायचं होतं, आणि लॅबची चावी आधीपासून त्यांच्याच खिशात होती, म्हणून ते प्रमुख झाले. शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी तासिका तत्त्वावर होते. चामोर्शीहून एसटीनं कॉलेजात जायचे, तास घ्यायचे, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे.

दोन हजार साल उलटून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. सर नागपूरला कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना दोन गोष्टी घेऊन आले. एक लिनक्सची सीडी, दुसरा ‘ओपन सोर्स’ हा शब्द. सीडी त्यांनी मला दिली. शब्द स्वतःकडे ठेवला, आणि स्टाफरूममध्ये, चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, जिथे कोणी ऐकून घेईल तिथे तो वापरला. ओपन काय, सोर्स कशाचा, हे त्यांना कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर चहा थंड झाला असता, उत्तर मिळालं नसतं.

लॅबमध्ये सीडी चालेल असा एकच कॉम्प्युटर होता. त्याची हार्ड डिस्क आधीच लहान. तिचे दोन भाग केलेले होते. एकात विंडोज, दुसऱ्यात सरांचा संसार: भजनं, सीडीवरून उतरवलेले सिनेमे, पत्रिका पाहायचं सॉफ्टवेअर आणि भाच्याच्या लग्नाचे फोटो. लिनक्ससाठी यातलीच थोडी जागा मोकळी करून तिसरा भाग पाडावा लागणार होता. निदान सिनेमे तरी काढा, असं मी सरांना सांगितलं. ते माझ्याकडे असे पाहू लागले जणू मी त्यांच्या घरातली भांडी बाहेर फेकायला सांगितली.

“तुमचं ते लिनक्स फुकट हाय ना मॅडम?” ते म्हणाले. “मग फुकटच्याले एवढी जागा कायले पायजे?”

शेवटी एक सिनेमा काढला. तोसुद्धा मध्येच अडकत होता म्हणून.

प्राचार्यांची परवानगी घ्यायला गेले तर त्यांना निराळीच भीती. डिस्कचे आणखी भाग करायचे म्हणजे काय, हे त्यांना कळेना. त्यांची धानाची शेती होती, म्हणून मी बांधीचं, म्हणजे धानाच्या खाचराचं, उदाहरण दिलं. मोठ्या बांधीत मधोमध मातीचा धुरा घातला की दोन बांध्या होतात, जमीन तेवढीच राहते. हे त्यांना लगेच कळलं आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांच्या भावाशी धुऱ्यावरून कोर्टात केस चालू होती. अर्धा तास ती केस ऐकली तेव्हा कुठे सही मिळाली.

मग मी कामाला लागले. आधी डिस्कवर विखुरलेल्या फायली एका बाजूला गोळा करायच्या, मग रिकामी झालेली जागा तोडून वेगळी काढायची. फायली गोळा होत असतानाच लाइट गेली. ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या आमच्याच वाट्याचा कोळसा जाळून सगळ्या महाराष्ट्राला उजेड द्यायच्या, आणि आमच्या लॅबमध्ये मेणबत्ती. लाइट आली तेव्हा सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

भाग पडला. लिनक्स टाकायला घेतलं तर निम्म्यावर जाऊन थांबलं, जागा पुरत नाही म्हणालं. खिडक्या, चित्रं, खेळ हे सगळं त्या चिंचोळ्या पट्टीत मावणं शक्यच नव्हतं. मी सजावटीचं सगळं वगळलं, फक्त गाभा आणि सी भाषेचा कंपायलर ठेवला, आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी पार पडलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, विंडोज हवं की लिनक्स असं त्यानं विचारलं, मी लिनक्स निवडलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर गेल्या आणि शेवटी नाव विचारून तो शांत उभा राहिला. लॅबमध्ये मी एकटीच होते. मला इतका आनंद झाला की मी उगाचच दोनदा नाव टाकून आत-बाहेर केलं.

तेवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण सरांनी उद्घाटन ठरवलं. प्रमुख पाहुणे म्हणून संस्थेच्या अध्यक्षांना बोलावलं. त्यांची राइस मिल होती, आणि नारळ फोडायला ते कुठेही जात. हार आले, समई आली, कॉम्प्युटरला कुंकू लागलं. कार्यक्रमाच्या सकाळी प्राचार्य पाहणी करायला आले.

“मॅडम, हे काऊन असं काळं दिसून राह्यलं?” त्यांनी विचारलं. “बिघडलं काय?”

लिनक्स असंच दिसतं, निदान एवढ्याशा जागेत असंच दिसतं, असं मी सांगितलं. प्राचार्यांचा चेहरा पडला. अध्यक्षांना काळा पडदा दाखवायचा, तोही शुभकार्यात, हे त्यांना पटेना. तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी आयुष्यातलं पहिलं तांत्रिक काम केलं. त्यांनी विंडोज चालू केलं, सीडीवरचं पेंग्विनचं चित्र, म्हणजे लिनक्सचं बोधचिन्ह, शोधून काढलं आणि ते विंडोजच्याच पडद्यावर पार्श्वभूमीला लावलं.

अध्यक्षांनी माउसला हात लावला. पेंग्विन दिसला. टाळ्या वाजल्या. सरांनी भाषणात ओपन सोर्स हा शब्द इतक्या वेळा घेतला की पुढच्या रांगेतल्या मुली बोटांवर मोजत होत्या. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. चहाच्या वेळी अध्यक्ष माझ्याकडे वळले. हे तुम्ही बसवलं का, असं त्यांनी कौतुकानं विचारलं. मी म्हणाले, “हे विंडोज आहे साहेब, वर नुसतं चित्र लावलंय. लिनक्स दुसऱ्या बाजूला आहे. दाखवू का?”

अध्यक्षांनी शांतपणे बिस्कीट चहात बुडवलं.

“पक्षी दिसला ना मॅडम, मग झालं,” ते म्हणाले. “आतमंदी काय हाय ते कोन पायते?”

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की कोणीतरी चिडेल, निदान ओशाळेल. तसं काहीच झालं नाही. नंतर प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि मोठ्या लोकांशी कसं बोलावं हे समजावलं. सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. लॅबमध्ये इतकी शांतता मला कधीच मिळाली नव्हती.

त्या शांततेत मी मुलींची प्रॅक्टिकलं काळ्या पडद्यावर घेतली. सुरुवातीला त्या कुजबुजायच्या, की मॅडमनी शिक्षा म्हणून या मशीनवर बसवलंय. महिन्याभरात त्याच मशीनसाठी नंबर लावू लागल्या. सी भाषेचे प्रोग्रॅम तिथे झटपट चालायचे, आणि चूक झाली की ती नेमकी कोणत्या ओळीत आहे तेही समजायचं. सर दारातून डोकावायचे आणि जायचे. काळा पडदा दिसला की ते आत येत नसत.

पुढल्या वर्षी मला दुसरीकडे पूर्ण वेळाची नोकरी लागली. जाण्याआधी सरांनी लिनक्सचा पासवर्ड मागितला. त्यांना एका परिसंवादात त्यावर बोलायचं होतं. मी पासवर्ड सांगितला आणि समोर बसून टाकून पाहा म्हणाले. ते एका बोटानं एकेक अक्षर शोधत बसले. लिनक्समध्ये पासवर्ड टाकताना पडद्यावर काही म्हणजे काहीच उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. सरांनी एकेक बटण दाबलं, मग जोरात दाबलं, मग कीबोर्ड उलटा करून झटकला.

“कीबोर्ड गेला मॅडम,” ते म्हणाले. लगेच उठले आणि नव्या कीबोर्डचा अर्ज लिहायला ऑफिसात गेले.

माझी एसटी लागली होती. मी पिशवी उचलली.