तिला आधी माझा सूर आला

बायकोला मी कधी शिवी दिली नाही, तिच्यावर हात उगारला नाही, आणि या दोन गोष्टींच्या जोरावर मी स्वतःला कितीतरी दिवस चांगला नवरा समजत होतो. मी तिच्याशी कुठल्या सुरात बोलतो, ते मला कधी ऐकूच आलं नव्हतं. ते मला माझ्या मुलीने ऐकवलं, तेव्हा तिला धड एक शब्द बोलता येत नव्हता. ऐकल्यावरही मी सुधारलो नाही. जास्त लाज वाटते ती याची.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. आम्ही डोंबिवलीत दोन खोल्यांत राहायचो, पुढे सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. मी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका ऑफिसात खिडकीवर बसायचो. हेलपाटे घालून वैतागलेले लोक समोर यायचे, पण मी कधी आवाज चढवला नाही. तिथे माझं त्याबद्दल नाव होतं. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की मात्र माझी वाक्यं तुटायची. "चहा." "टॉवेल कुठंय." "परत तेच?" शब्दांत वावगं काही नाही. पण प्रत्येक वाक्याचं शेपूट मी खाली आपटायचो, आणि तिचं उत्तर यायच्या आत जिभेने 'च्' करायचो.

मुलगी दिवसभर आईजवळ असायची आणि आई तिच्याशी अखंड बोलायची. तांदूळ धुताना "आता आपण पाणी ओतू या, हो ना?" असं म्हणून ती थांबायची. ती थांबलेली जागा मुलगी 'अँ-अँ' करून भरायची. "हो का? बरं मग," म्हणत बायको पुढचं सांगू लागायची. मुलीकडे शब्द नव्हते, पण बोलण्याची चाल पक्की होती. काही विचारायचं असलं की तिचा आवाज शेवटी वर चढायचा. गॅलरीतून जाणाऱ्या बाईकडे बघून ती 'झालं का जेवण'ची नुसती चाल काढायची, आणि बायका खरोखर थांबून "झालं गं बाई, तुझं?" म्हणायच्या. खाडीकडची कोळीण पाटी घेऊन खाली आली की तिची लांबवलेली हाक ही वरून तशीच ओढायची. मला या सगळ्याचं फार कौतुक होतं. ती ऐकते तेच उचलते, हे रोज दिसत होतं. त्यात आपलंही काही असेल, हे मनात आलं नाही.

ती दीड वर्षाची असताना संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर घरी आलो. दारात बायकांच्या चपलांचा ढीग, म्हणून बाहेरच बूट काढत थांबलो. आत तो सगळ्या घरांत चालणारा खेळ चालला होता, मूल मध्ये उभं करायचं आणि विचारायचं, काऊ कसा करतो, म्हातारी कशी चालते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "आणि बाबा आईला हाक कशी मारतात गं?"

मुलीने हनुवटी वर केली. दोन तुटक आवाज काढले, त्यातला दुसरा खाली आपटला, आणि जिभेने 'च्' केलं.

"अगं बाई, मला वाटलं भावोजीच आले," म्हणत एकीने पदर सावरला, आणि तेवढ्यात तिला दारात मी दिसलो. मग हसू आवरेना कुणाला. "या साहेब," काकू म्हणाल्या, "तुमचं काम कन्येने शिकून घेतलंय." एकटी बायको हसत नव्हती. "दमून येतात हो ते," ती म्हणाली, आणि तिळगुळाचा डबा पुढे केला.

तिने मला सांभाळून घेतलं होतं. मी काय केलं? बायका गेल्यावर तिलाच विचारलं, "तू शिकवलंस हे तिला?"

"असलं कुणी शिकवतं का?" ती म्हणाली आणि पसारा आवरायला लागली. तो खेळ आपल्या घरात पुन्हा नको, असं मी बजावलं. मी केलेली सुधारणा एवढीच.

तिसऱ्या वर्षी मुलीला वाक्यं आली. गॅलरीतल्या मुलांशी ती त्यांच्यासारखं, "थांब ना रे" करत बोलायची. बाहुलीशी आईसारखं. आईशी मात्र माझ्यासारखं. हे मला दिसलं एका रविवारी दुपारी. बायको आम्हा दोघांना वाढून शेवटी एकटी जेवायला बसली होती. मी पलंगावर पेपर वाचत होतो, मुलगी माझ्या बाजूला. बायकोने पहिला घास उचलला आणि मुलगी म्हणाली, "आई, पाणी." जरा थांबून, "किती वेळ?" आणि मग 'च्'.

या वेळी तिला कुणी नक्कल करायला सांगितलं नव्हतं. बायकोने घास ताटात ठेवला आणि उठली. पदर खोचत, लगबगीने, माझ्यासाठी उठायची अगदी तशी. ती तीन वर्षांच्या पोरीसाठी उठली नव्हती, त्या सुरासाठी उठली होती. तेव्हा मला भीती वाटली. ही मुलगी जन्मभर आईशी असंच बोलेल, आणि तिची आई जन्मभर अशीच उठत राहील.

"बस. जेव आधी," मी म्हणालो. बोललो तिच्या बाजूने, पण तोंडातून निघालं ते तसंच आपटून, आणि ती दचकून खाली बसली. तिच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरा आवाजच उरला नव्हता.

मी पाणी आणलं, मुलीच्या हातात दिलं आणि बायकोच्या ताटासमोर फरशीवर बसलो. ती माझ्याकडे बघत राहिली.

"बरं नाहीये का तुम्हाला?" तिने विचारलं. "ताप-बिप आलाय की काय?"

मी मानेनेच नाही म्हटलं. खिडकीवरच्या परक्या माणसांशी सहज निघणारी मऊ वाक्यं इथे एकेक शोधावी लागत होती. वाक्याचा शेवट खाली पडू नये म्हणून मी अडखळत होतो. मुलगी पेला हातात धरून ऐकत होती. तिला 'आत जा' म्हणावंसं मला वाटलं, पण म्हणालो नाही. जे बिघडलं ते तिच्या कानांदेखत बिघडलं होतं.

"मी तुझ्याशी वाईट बोलत आलो," मी म्हणालो. "तिच्या तोंडात ते माझ्याकडून आलंय. हळदीकुंकवाच्या दिवशीच मला कळलं होतं, तरी मी तुझ्यावर ढकललं. चुकलो मी. मला माफ कर."