मागच्या सीटचा ब्रेक

दाभोळच्या फेरीबोटीत आमची मोटारसायकल स्टँडवर उभी होती. हे बाजूला हँडल धरून उभे, आणि मी मागच्या सीटवर तशीच बसलेली. दोन दिवसांच्या सहलीला निघालो होतो, आणि एकदा चढून बसलं की मला उतरायचा कंटाळा येतो. खाडी संथ होती. सकाळपासून कानात ओरडणारा वारा आता नुसता ओढणीशी खेळत होता.

पलीकडचा धक्का जवळ आला. बोटीचा वेग काही कमी होईना, आणि माझा उजवा पाय आपोआप फूटरेस्टवर गच्च दाबला गेला.

"अगं, बोटीलाही ब्रेक लावतेस?" हे हसले.

मी ओशाळले. लग्नापासून मी मागे बसून असा ब्रेक दाबत आलेय. वळण आलं की, म्हशी दिसल्या की, समोरून एसटी आली की. तिथे ब्रेक नाही हे मला ठाऊक आहे, पायाला कोण सांगणार? लेक पहिल्यांदा एकटी परगावी निघाली, तेव्हा फलाटावरही मी हाच पाय दाबून उभी होते. गाडी आपल्या हातात नसली, तरी जीव तिच्यातच असतो.

"उगाच दाबते मी," मी म्हटलं. "त्यानं काय गाडी थांबते?"

"थांबते की! तुझा गुडघा माझ्या कमरेशी आवळला की मी वेग कमी करतो. तुला काय वाटलं, सगळ्या म्हशी मलाच दिसतात?"

बोट धक्क्याला टेकली. मी उजवा पाय नीट ठेवून सावरून बसले. गुहागरपर्यंत वळणंच वळणं होती.